सुईदोऱ्यावांचून मुलांची खोली

मुलांसाठीं स्वतंत्र खोली असावी, ही गोष्ट आपल्याकडील पुष्कळ घरांत अद्यापहि इच्छेपुरतीच राहते. दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत स्वयंपाकाला एक जागा, निजावयास एक, आल्यागेल्याला एक, अशी वांटणी झाली म्हणजे मुलांच्या वांट्याला एखादा कोपरा उरतो. आणि तोहि पाहुणे आले कीं त्यांच्या सामानाखालीं जातो. ज्यांच्याकडे खोली आहे, त्यांच्यापुढें निराळाच प्रश्न असतो. ती सजवावी कशी, आणि कोणासाठीं? या सदरांतून आम्ही घरच्या घरीं करतां येण्याजोग्या वस्तूंविषयीं लिहीत असतों. या महिन्यांत, सुई हातीं न धरतां कापड, गांठ, खळ आणि इस्त्री एवढ्यांच्याच साह्यानें मुलांची खेळण्याची जागा कशी नटवितां येईल, तें सांगावयाचें आहे. शिवणयंत्र ज्यांच्या घरीं नाहीं, किंवा असून त्यावर बसावयास ज्यांना सवड नाहीं, अशा वाचकभगिनींना, आणि कां म्हणूं नये, वाचकबंधूंनाहि याचा उपयोग होईल, अशी आम्हांस आशा आहे.

प्रारंभीं आमच्या हातून झालेली एक चूक सांगणें बरें. दोन वर्षांपूर्वीं आमच्या नातीसाठीं आम्हीं मागील बाजूची लहान खोली मोकळी केली. दुकानांतून हत्ती-जिराफांचे छापील पडदे आणले, मखमली अभ्र्यांच्या उशा आणल्या, खिडकीला झालर लावली. खोली अशी सुरेख झाली कीं, आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती दाखविल्यावांचून आम्हांस चैन पडेना. दाखवावयाची म्हणून ती नीट ठेवावयाची. आणि नीट ठेवावयाची म्हणून, "अगं, पडद्याला हात पुसूं नकोस", "उशा जमिनीवर घेऊं नकोस", असा आमचा घोष दिवसभर सुरू झाला. महिन्याभरांत नात त्या खोलींत जावयाचीच बंद झाली. ती खेळते तरी कोठें, म्हणून पाहूं लागलों, तर जेवणाच्या टेबलाखालीं, चार खुर्च्यांच्या पायांआड, वरून कोणाची तरी जुनी चादर ओढून बसलेली! भातुकली तेथें, चित्रांचीं पुस्तकें तेथें. आम्हीं वांकून विचारलें, "तुझी एवढी छान खोली सोडून इथं काय करतेस गं?" तिनें मान वर न करतां उत्तर दिलें, "ती पाहुण्यांची खोली आहे, आजी. माझी ही."

त्या उत्तरावर आम्हीं पुष्कळ विचार केला. मुलांची जागा मुलांच्या मापाची हवी, हें कांहीं नवें तत्त्व नव्हे. डॉ. मारिया माँटेसरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहरांतील सान लोरेंझो या गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. मुलांच्या उंचीचीं आणि मुलांना स्वतः उचलून हलवितां येतील अशीं टेबलें, खुर्च्या व कपाटें, हें पुढें त्यांच्या पद्धतीचें एक ठळक लक्षण ठरलें. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरास बालमंदिर स्थापिलें. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण मुलांसाठीं बालशिक्षणाचें कार्य सुरू केलें, आणि महागड्या साधनांऐवजीं आसपास सांपडणाऱ्या वस्तूंतून मुलांचीं साधनें कशीं करावीं, तें दाखवून दिलें. माँटेसरी साधनांत एक गंमतीची वस्तु असते. लाकडी चौकटीवर कापडाचे दोन पदर ताणलेले असून, एकीला गुंड्या, दुसरीला बंद, तिसरीला नाडी, अशा निरनिराळ्या चौकटी असतात. मुलें त्या सोडतात, बांधतात, पुन्हां सोडतात. त्या सोडण्या-बांधण्यांत त्यांना जें सुख होतें, तेंच आमच्या शोभिवंत खोलींत कोठें नव्हतें.

सुईदोऱ्यावांचून केलेल्या सजावटीचा खरा गुण आम्हांस येथें आढळला. शिवलेली वस्तु मोठ्यांनीं करावयाची आणि उसवावयाची झाली तरी मोठ्यांनींच. गांठ मारलेली वस्तु सहा वर्षांच्या मुलालाहि सोडतां येते व स्वतःच्या मनाप्रमाणें फिरून बांधतां येते. म्हणून पुढील कृतींत जें मुलांना करतां येईल तें त्यांच्याच हातून करवावें. टांका सरळ आला कीं नाहीं, हें पाहण्याचें कारणच उरत नाहीं.

कापड कोणतें घ्यावें?

नवें कापड विकत आणण्याचें प्रयोजन नाहीं. सुती, पुष्कळ वेळां धुऊन मऊ पडलेलें जुनें कापड सर्वांत चांगलें: लुगडीं, धोतरें, पंचे, चादरी. साध्या विणीचें सुती कापड धाग्याच्या रेघेंत सरळ फाटतें. कांठाशीं कात्रीनें बोटभर चीर दिली कीं पुढें हातानेंच फाडावें, कात्रीपेक्षां रेघ सरळ येते. रंग जातो कीं नाहीं, तें ओल्या पांढऱ्या फडक्यानें घांसून आधीं पाहावें; विशेषतः तांबड्या कांठाची ही परीक्षा अवश्य घ्यावी.

परंतु जुनें लुगडें म्हणजे नुसतें कापड नसतें, याचा अनुभव आम्हांस लागलाच आला. आमच्या सासूबाईंच्या ट्रंकेंत त्यांचीं तीन नऊवारी लुगडीं होतीं. एक रेशमी आणि दोन रोजच्या वापरांतलीं इरकली. त्यांपैकीं एक सुती लुगडें मुलीच्या खेळासाठीं काढावें, असें आम्हीं आमच्या नणंदबाईंपाशीं सहज बोललों. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "वहिनी, आईचं लुगडं तुम्ही फाडणार? ती गेल्यावर आमच्याकडं दुसरं उरलंय तरी काय?" त्यांच्या आईच्या लुगड्यावर त्यांचा अधिकार आमच्यापेक्षां मोठा, हें आमच्या ध्यानांत यावयास हवें होतें. "वन्सं, चुकलंच माझं," एवढें म्हणून आम्हीं ट्रंक बंद केली.

आठ दिवसांनीं त्या आपण होऊन आल्या व तिन्ही लुगडीं त्यांनीं पलंगावर पसरलीं. रेशमी लुगडें मुंजीच्या वेळीं नेसलेलें. तें जपून ठेवावयाचें, याविषयीं दोघींचें एकमत झालें. सुती लुगड्यांपैकीं एकाला ठिकठिकाणीं सासूबाईंच्याच हातचें रफू होतें, आणि एका टोंकाकडील तीनएक वार भाग जीर्ण होऊन त्यांतून पलीकडचें दिसत होतें. वन्सं त्यावरून बराच वेळ हात फिरवीत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या दोन्ही मुलांची दुपटी आईनं आपल्याच लुगड्यांची केली होती. तिनं काही कापड पेटीत कुजवलं नाही." आणि आम्हीं कात्री आणण्यापूर्वींच त्यांनीं कांठाला दांतांनीं चीर देऊन तो जीर्ण भाग टर्रकन् फाडून वेगळा केला. त्यांच्या आईची हीच रीत होती म्हणे. दुसरें सुती लुगडें घडी करून त्या स्वतःकडे घेऊन गेल्या.

तेव्हां वाचकभगिनींना आमची पहिली सूचना अशी कीं, ज्या वस्त्राशीं घरांतील कोणाचाहि जीव गुंतलेला असेल, तें त्या व्यक्तीला विचारल्यावांचून काढूं नये. आणि शक्य तर त्याला पहिली चीर तिच्याच हातची असूं द्यावी. जें ठेवावयाचें, तें मलमलींत गुंडाळून ठेवावें व चार-सहा महिन्यांनीं त्याच्या घड्या बदलाव्या. रेशीम एकाच घडीवर वर्षानुवर्षें राहिलें तर तेथेंच चिरतें.

टेबलाखालचें घर

नातीनें स्वतःच निवडलेली जागा हीच, म्हणून आम्हीं स्वयंपाकघरांतील एक जुनें टेबल त्या मागच्या खोलींत नेऊन ठेवलें. चार फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट उंच, असें तें टेबल. त्याचा घेर तेरा फूट झाला. नऊ वारांतून तीन वार गेल्यावर उरलेलें सहा वार लुगडें म्हणजे अठरा फूट; घेराला लागून वर पांच फूट चुण्यांना आणि दाराच्या दुमडीला उरतें. लुगड्याचा पन्हा सुमारें पंचेचाळीस इंच, आणि टेबलाची उंची तीस. म्हणजे पंधरा इंच जास्त. तें कापावयाचें नाहीं. टेबलाच्या फळीखालीं, पायांच्या बाहेरून, खाटेच्या नवारीची पट्टी घट्ट ताणून बांधावी व तिचीं उरलेलीं टोंकें आंत खोंचून टाकावीं. मग वाळत घालावयाच्या दोरीवर धोतर टाकतों, त्याप्रमाणें लुगडें आडवें धरून त्या पट्टीवरून टाकावें: तीस इंच बाहेर, पंधरा इंच आंत. कांठ जमिनीशीं येतो आणि घराला आयतीच शोभा येते. हातहात अंतरावर कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावले कीं पडदा सरकत नाहीं. लुगड्याचीं दोन्ही टोंकें जेथें मिळतात, तेथें दार. दाराच्या दोन्ही बाजूंस फाडलेल्या पट्ट्यांचा एकेक बंद चिमट्यानें लावून दिला, म्हणजे तें उघडून बांधून ठेवण्याचें काम मुलांचें.

या टेबलावर दिवा, चहाचें भांडें, किंवा जड असें कांहींहि ठेवूं नये. मूल आंतून कापड ओढणारच, असें धरून चालावें.

भिंतीवरील चित्रें

भाड्याच्या घरांत खिळा ठोकण्याची मनाई असते. अमेरिकेंत बिऱ्हाड करून राहिलेल्या मुली व सुना यांची तर ही नेहमींची तक्रार. त्यांना ही कृति फार सोयीची आहे. चार मोठे चमचे मक्याचें पीठ, ज्यास दुकानांत कॉर्नफ्लोअर म्हणतात, तें अर्धी वाटी थंड पाण्यांत कालवावें. तीन वाट्या उकळत्या पाण्यांत तें ढवळीत ढवळीत सोडावें, आणि दाट, अर्धपारदर्शक खळ झाली म्हणजे उतरून निववावें. पातळ सुती कापड प्रथम या खळींत बुडवून, पिळून, वाळवून इस्त्री करावें. असें खळ दिलेलें कापड कागदासारखें कापतां येतें व त्याचे धागे निसटत नाहींत. मग त्यांतून आकार कापावे. आगगाडी सर्वांत सोपी: डबे म्हणजे चौकोन आणि चाकें म्हणजे वाटी उपडी ठेवून काढलेलीं वर्तुळें. पांढऱ्या धोतराचा चंद्र, खणाच्या तुकड्यांचे मासे. गुळेदगुड्डच्या खणावर बारीक वीण असते, ती माशाच्या खवल्यांसारखी दिसते. खण जाड असल्यास खळ थोडी दाट घ्यावी. बोथट टोंकाची कात्री देऊन हें कापण्याचें काम मुलांकडे सोंपवावें. मासा वांकडा झाला तरी तो मासाच असतो.

भिंत पुसून घ्यावी. आकाराच्या मागें व भिंतीवर खळ लावून तो हातानें वरून खालीं दाबीत चिकटवावा, बुडबुडे काढावे, आणि वरूनहि खळीचा एक हात द्यावा. एका रात्रींत तो वाळतो. काढावयाचा झाल्यास कोमट पाण्यानें भिजवून कोपऱ्यापासून हळूहळू सोलावा व भिंत पुसून घ्यावी. तथापि सर्व भिंतींना हें मानवत नाहीं. गुळगुळीत रंग दिलेल्या भिंतीवर कापड चांगलें बसतें. चुन्याची सफेदी असेल तर तिच्या भुकटीसकट गळून पडतें. कपाटामागें वीतभर तुकडा दोन दिवस लावून प्रथम परीक्षा पाहावी. ज्या भिंतीला पावसाळ्यांत ओल येते तिच्या वाटेला जाऊंच नये. तेथें खळीला बुरशी येते. दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर, हें काम करणें उत्तम.

आणखी एक गोष्ट. चित्रें लावावयाचीं तीं मुलांच्या डोळ्यांसमोर, म्हणजे जमिनीपासून दीड ते साडेतीन फुटांच्या पट्ट्यांत. आम्हीं पहिल्या वेळीं सर्व कांहीं आमच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलें होतें, आणि नातीला त्यांतील अर्धेंअधिक दिसतहि नव्हतें.

गांठींची उशी

यासाठीं विणलेलें सुती कापड घेऊं नये, कारण कापल्यावर त्याचे धागे निघतात. जुनीं बनियनें किंवा टी-शर्ट यांचें जाळीच्या विणीचें कापड उसवत नाहीं, तेंच घ्यावें. बारा इंचांच्या चौरस उशीसाठीं वीस इंचांचे दोन चौकोन कापावे. ते एकमेकांवर ठेवून प्रत्येक कोपऱ्यांतून चार इंचांचा चौकोन कापून टाकावा. आतां चारी बाजूंस चार इंच खोल व एक इंच रुंद अशा पट्ट्या कापाव्या. प्रत्येक बाजूस बारा याप्रमाणें अठ्ठेचाळीस होतात. वरच्या पट्टीची खालच्या पट्टीशीं दुहेरी गांठ मारीत जावें. तीन बाजू झाल्या कीं उशी आंत घालावी, किंवा चिंध्या भराव्या, आणि चौथी बाजू बांधून टाकावी. धुवावयाची वेळ आली म्हणजे एक बाजू सोडली कीं झालें. आमच्या नातीनें यांतील एकतीस गांठी स्वतः मारल्या, असें तिनेंच मोजून आम्हांस सांगितलें. तिच्या खोलींतील मखमली उशा त्या दिवसापासून कपाटांत आहेत.

खोकीं आणि पडदे

खेळणीं ठेवावयास पुठ्ठ्याचीं खोकीं कापडानें मढवावीं. येथें मक्याच्या पिठापेक्षां मैद्याची खळ बरी. ती अधिक घट्ट धरते, आणि हें कापड पुढें सोलून काढावयाचें नसतें. एक वाटी मैदा वाटीभर थंड पाण्यांत गुठळी न होऊं देतां कालवून, चार वाट्या उकळत्या पाण्यांत सोडावा व मंद आंचेवर शिजवावा. कीड लागूं नये म्हणून पुस्तकबांधणीचे लोक खळींत मोरचूद घालीत. परंतु तें विष आहे, मुलांच्या वस्तूंत त्याचा कणहि नको. चिमूटभर तुरटी घातली तर चालेल. खोकीं पूर्ण वाळल्यावांचून वापरावयास घेऊं नयेत, कारण ओलसर खळीवर झुरळें फार येतात.

पडद्याची कड दुमडावयाची असेल तर इस्त्रीनें चिकटणारी जाळीदार पट्टी शिवणसामानाच्या दुकानांत मिळते. ती दुमडीच्या आंत ठेवून, वर ओलें फडकें टाकून, इस्त्री न सरकवितां दहाएक सेकंद दाबून धरावी. निवल्यावर कड पक्की होते. सुती कापडाला ही युक्ति चांगली लागू पडते. नायलॉनसारखें कापड तेवढी उष्णता सोसत नाहीं. इस्त्रीचें काम मात्र मोठ्यांनींच करावें.

सावधगिरी

सजावटीच्या भरांत कांहीं गोष्टी विसरतां कामा नयेत. लहान मुलांच्या हाताला लागेल अशा जागीं वितीपेक्षां लांब दोरी, बंद किंवा मोकळा फांस लोंबूं देऊं नये. मूल तीन वर्षांच्या आंतील असेल तर बंद अजिबात न लावतां नुसते चिमटे ठेवावे. एक वर्षाच्या आंतील मुलाच्या अंथरुणांत उशी, लोड किंवा सैल कापड मुळींच नसावें, असें बालरोगतज्ज्ञ सांगतात. तेव्हां गांठींची उशी पाळण्यांत जाऊं देऊं नये. छताला पताका लावल्या तर पंख्याच्या पात्यांपासून त्या दूर असाव्या. कृत्रिम धाग्याचीं कापडें पेट घेतल्यावर वितळून अंगाला चिकटतात, म्हणून विजेच्या दिव्याजवळ आणि मुलांच्या घरकुलाला सुतीच कापड असावें, आणि त्याच्या आंत निरांजन किंवा मेणबत्ती खेळण्यासाठींहि नसावी.

एकंदर खर्च म्हणाल तर मैदा, मक्याचें पीठ, चिमटे व पट्टी यांपलीकडे आम्हांस कांहीं विकत घ्यावें लागलें नाहीं. गेल्या रविवारीं वन्सं आल्या, तेव्हां टेबलावरील लुगडें जागेवर नव्हतें. नातीनें सगळे चिमटे काढून तें दोन खुर्च्यांना बांधलें होतें. घराची नाव झाली होती. आम्ही कांहीं बोलणार, तोंच तिनें लुगड्याचें एक टोंक वन्संच्या हातीं देऊन सांगितलें, "हे घट्ट धरा, आत्याआजी, वारा सुटलाय." गुडघे दुखत असूनहि वन्सं अर्धा तास तें टोंक धरून बसल्या होत्या.

पुढील महिन्यांत, ट्रंकेंत ठेवलेल्या रेशमी व जरीच्या वस्त्रांची निगा कशी राखावी, याविषयीं आम्ही लिहूं.